पैलतीरचा पाटकरी

तुम्ही उभे आहात तो हा पांजणी नदीचा बंधारा. अलीकडे धामणकुंडाचा पाट, पलीकडे वेळोद्याचा. आमच्या पाटाचं दार उघडणारा पाटकरी नेहमी वेळोद्याचा असतो, आणि त्यांचा आमच्या गावचा. फार पूर्वी ही नदी दोन राज्यांची शीव होती, तेव्हापासून हे असं चालत आलंय, असं सांगतात.

त्याआधी ज्या त्या गावाचा पाटकरी त्याच गावचा असे. धामणकुंडाचा होता तुळाजी. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं, हे तो ठरवी. एका साली पौषातच त्याचा पाट निम्म्यावर आला. गहू पिवळा पडला. पलीकडच्यांनी बंधाऱ्याचे दगड सरकवून पाणी तिकडे वळवलं, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. शिवेच्या चौकीवरचे शिपाई भाल्यांना धार लावू लागले, म्हणे. तुळाजीलाही तसंच वाटत होतं. पण आधी डोळ्यांनी बघावं म्हणून तो बंधाऱ्याजवळच्या लव्हाळ्यात दडून बसला.

वेळोद्याचा पाट तेव्हा सारजा नावाची विधवा सांभाळी. ती रोज सकाळी बंधाऱ्यावर येई, वाकून दगडांना हात लावी आणि निघून जाई. तीन दिवस त्यानं हे पाहिलं. चौथ्या सकाळी तिचं मनगट धरलं.

“दगड काढतेस?”

“मोजतेय,” ती म्हणाली. “तुम्ही रोज किती सरकवता ते.”

तिचाही पाट आटला होता. तुळाजीला पटेना, तो पलीकडे जाऊन बघून आला. पाटात नुसता चिखल.

मग दोघं नदीच्या वरच्या अंगाला निघाले. पुढे कुणीच चालेना. दुसऱ्याला पाठ कोण देणार? म्हणून पात्रातून शेजारी शेजारी चालले. कोसभर वर एका डोहात पाणी गरगरत खाली जात होतं. तळाचा खडक फाटला होता.

सारजा अंगानं बारीक. ती उतरणार, तुळाजी वरून धरणार असं ठरलं.

“सोडलंस तर?” तिनं विचारलं.

हा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्यानं पागोटं सोडलं, एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या.

“आता मी सोडीन म्हटलं तरी सुटायचं नाही.”

धार तिला आत ओढी. तुळाजी पालथा पडून खडकाला बिलगून राहिला. कमरेची कातडी सोलून निघाली. दगड, माती, गवताचे पेंढे कोंबून तिनं दुपारपर्यंत भगदाड बुजवलं.

पाटांना पाणी आलं, पण त्यांचं सांगणं कुणाला खरं वाटलं नाही. धामणकुंड म्हणे, तुळाजी फितला. वेळोदं म्हणे, सारजा फितली. शेवटी तुळाजी भर चावडीत उभा राहिला.

“आपलं दार त्यांच्या माणसाच्या हाती द्या, त्यांचं आपल्या. मग लबाडी कुणाला परवडेल?”

तिकडे सारजानंही हेच मांडलं. दोन्ही गावांनी कुरकुरत मान्य केलं.

सारजा धामणकुंडाच्या पाटाच्या दारावर आली. विष घालतील म्हणून वर्षभर तिनं इथलं अन्न तोंडी लावलं नाही. भाकरी पलीकडून आणी. दुसऱ्या वर्षी तुळाजीची बायको यमाई ताट घेऊन गेली. तिनं त्यातला एक घास स्वतः खाल्ला आणि ताट पुढे सरकवलं. तो घास तिनं गिळल्याचं पाहून मगच सारजा जेवली.

आजही नवा पाटकरी आला की गावची एक सून ताट घेऊन जाते. पहिला घास तिचा. तो ती गिळेपर्यंत पाटकरी ताटाला हात लावत नाही.