नको नको, कशाला उगीच

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याची बायको अमेरिकेत वाढलेली, तिथलीच नागरिक. तो नवरा म्हणजे मीच. उगीच दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घेऊ?

लग्न झालं आणि मी हेमांगीकडे अमेरिकेत गेलो. तिच्याजवळ कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड हवं. त्यासाठी अर्ज केला. पहिल्यांदा बोटांचे ठसे द्यायला बोलावलं. कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असं आईने शिकवलेलं. मी बेसनाचे लाडू नेले. ठसे घेणाऱ्या बाईंना माझ्या हाताने एक दिला, एक मी खाल्ला. मग मशीनवर बोटं ठेवली. मशीनवर तूप उमटलं, ठसे नाहीत.

हेमांगी चिडली. "अरे, काही न्यायचं नाही! आणि काही विचारलं की पटकन हो म्हणायचं."

लक्षात ठेवलं. रविवारी तिच्या मावशीकडे जेवण होतं. मी रिकाम्या हाताने गेलो.

"पुरणपोळी वाढू?"

"हो."

"आणखी एक?"

"हो."

शेवटी काकांच्या पानात नुसता वरणभात राहिला. मावशीने मला स्वयंपाकघरात नेलं. "जावईबापू, असं लगेच हो म्हणू नये. दोनदा नको म्हणावं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग घ्यावं."

हेही लक्षात ठेवलं. मग मुलाखत आली. हेमांगीला बाहेर बसवलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. साहेब भला माणूस होता. त्याने हसून विचारलं, "तुम्हाला इथे कायमचं राहायचंय ना?"

"नको नको. कशाला उगीच!"

साहेब चमकला. "नक्की?"

"खरंच नको."

आता तिसऱ्यांदा विचारेल म्हणून मी तोंडात 'हो' तयार ठेवला. साहेबाने फाईल मिटली. तिकडे आग्रहाची पद्धतच नाही.

घरी हे ऐकून मावशीने कपाळावर हात मारला. "अहो, नको-नको घरच्या माणसांशी करायचं! सरकारशी कुणी करतं का?"

हेही लक्षात ठेवलं.

परत निघायचा दिवस आला. विमानतळावर हेमांगीचे डोळे भरून आले. माझेही आले. ती म्हणाली, "मी सगळं सोडून तुझ्याबरोबर गावी येऊ?"

मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. पण हे तर घरचंच माणूस.

"नको नको," मी म्हणालो. "कशाला उगीच!"

"नक्की?"

"खरंच नको."

तिने डोळे पुसले आणि ती गेली.

आता मी गावात असतो. फोन उशाशी ठेवून झोपतो. तिसऱ्यांदा विचारायचं अजून बाकी आहे ना!