मिटत्या दारांची मशीद

एका राज्यात एक शहर होते, आणि त्या शहराच्या मधोमध एक मशीद होती. पश्चिमेला किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायची भिंत, म्हणून तिकडे दार नव्हते. उरलेल्या तीन दिशांना तीन कमानदार दारे, आणि त्या दारांना कधी अडसर घातलेला कोणी पाहिला नव्हता. सकाळी मुले ओवरीत बसून अक्षरे गिरवीत. दुपारी वाटसरू हौदाच्या काठी पाय धूत आणि सावलीत आडवे होत. तिसऱ्या प्रहरी तिथेच सोयरिकी जमत, तिथेच भांडणे मिटत. शहरातली घरे रस्त्याकडून कोरी, पण आत प्रत्येकाला चौक, आणि चौकाला आभाळ. समोरासमोरच्या घरांची दारे एकमेकांसमोर येऊ देत नसत. एकाच्या घरातले दुसऱ्याला दिसू नये, अशी तिथली रीत.

त्या शहरात जैतून नावाची एक कारागीर स्त्री होती. दगडाच्या जाळ्या कोरण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. तिचा पती इलियास मशिदीत बांग देई.

त्या राज्याचा सुलतान फरामर्ज एक मोठी मोहीम जिंकून परतला. लुटीत त्याने एक हिरवी शिळा आणली. ती एका जादूगाराच्या गढीतली होती. त्या जादूगाराने जगाच्या भयाने बिनदाराची गढी बांधली होती, आणि तो आतच मेला होता. शिळा पाचूसारखी झळके. सुलतान म्हणाला, "ही किब्ल्याच्या भिंतीत बसवा. तिच्यासमोर मी एकटा उभा राहीन. दक्षिणेचे दार आजपासून केवळ माझे."

म्हाताऱ्या गवंड्यांनी हात जोडले. "हुजूर, हा दगड घराचा नाही, कबरीचा आहे."

सुलतानाने ऐकले नाही. शिळा चुन्यात बसली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी तीनशे माणसे नमाजाला आत गेली. सुलतानाची स्वारी अजून वाटेत होती. नमाज संपला आणि तिन्ही कमानी हलल्या. ओठ मिटावेत तशा त्या मिटू लागल्या. दक्षिणेचे दार मिटले, उत्तरेचे मिटले. पूर्वेच्या दारात तेवढी एक उभी फट राहिली, पंधरा बोटे रुंद; हात जाई, पण कोणी अंग घातले की दगड आवळून धरी. वरचे आभाळही चहूबाजूंनी आत सरकले आणि अंगणावर दगडाचे झाकण चढू लागले.

जैतून धावत आली. तिने फटीत हात घातला. आतून इलियासने तो धरला.

"लागले का कोणाला?" तिने विचारले.

"नाही. पण हवा जड झाली आहे. आणि जैतून, घरी पाहून ये. आपला चौकही लहान होतो आहे का?"

तिने पाहिले. साऱ्या शहराचे चौक आक्रसत होते. जाळ्यांची भोके पुरणाने भरावीत तशी भरत होती.

पहारी आल्या, घण आले. दगडावर ओरखडा उठेना. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली, आतून इलियासची बांग आली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फट एका बोटाने अरुंद झाली. आता चौदा.

तोवर येऊन पोहोचलेला सुलतान ओरडला, "बांग्याला गप्प करा! तो पुकारतो म्हणून दार मिटते."

आतून उत्तर आले, "हुजूर, वेळ सूर्य ठरवतो, मी नाही. मी गप्प बसलो तरी दार मिटेल. मग आतल्यांना वेळही कळणार नाही."

दिवसाला पाच नमाज, दर नमाजाला एक बोट. चौदा बोटे. जैतूनने मनाशी हिशेब केला. सोमवारी दुपारी फट बुजणार होती.

तेव्हा मिनाराच्या वळचणीतून एक पाकोळी तिच्या डोक्याभोवती घिरट्या घालू लागली. ही पाखरे जमिनीवर उतरत नाहीत. ती उडता उडताच बोलली.

"जैतून, त्या दगडाला मिटणे तेवढे ठाऊक आहे. त्याला सैल करायचे तर तीन गोष्टी लागतील. ज्या पाण्याने कोणाचे नाव विचारले नाही, ते पाणी. जिने आतल्याला राखले आणि बाहेरच्याला उजेड दिला, ती जाळी. आणि अशी रांग, जिच्यात पुढे कोणी नाही आणि मागे कोणी नाही. पहिल्या दोन मी दाखवते. तिसरी तुझ्याच शहरात आहे, पण तीच अवघड."

पाकोळीने एक पीस टाकले. ते जिभेखाली धरले की सात दिवसांची वाट अर्ध्या दिवसात सरे. जैतूनने छिन्नी-हातोडी कमरेला खोचली, पाण्याची रिकामी कातडी मशक खांद्यावर घेतली आणि शनिवारी झुंजुमुंजूला पाकोळीच्या मागे निघाली. निघताना तिने फट मोजली. अकरा बोटे.

उन्हे चढता चढता ती एका माळावर पोहोचली. तिथे एक जुनी पाणपोई होती. चार खांब, वर छोटासा घुमट, खाली दगडी कुंडी, आणि कुंडीत काठोकाठ पाणी. कोण्या काळी कोण्या विधवेने वाटसरूंसाठी ती बांधली होती आणि तिच्यावर आपले नावही कोरू दिले नव्हते. पुढे तिथे एक देव आला. हा देव म्हणजे देव्हाऱ्यातला नव्हे. शिंगांचा, लोखंडी नखांचा राक्षस. कोणा मांत्रिकाने त्याला खांबाशी साखळीने बांधून टाकले होते. भोवती माणसांची हाडे पडली होती.

"थांब!" देव गरजला. "नाव सांग. कूळ सांग. मोठी असशील तर पाणी घे, लहान असशील तर मर."

जैतूनने हाडांकडे पाहिले. काहींच्या बोटांत अजून अंगठ्या होत्या. म्हणजे कुळे सांगूनही ते मेले होते. मग तिने साखळीकडे पाहिले. ती ताणलेली होती, आणि देवाचे तोंड कुंडीपासून एका हातावर येऊन थांबत होते. त्याचे ओठ फुटले होते.

कुंडीवरचा कटोरा तिने भरला आणि ती त्या नखांच्या टप्प्यात शिरली. तो तिने देवाच्या ओठांना लावला.

देव प्यायला. फार वेळ प्यायला. तिने दुसरा कटोरा भरला, मग तिसरा.

"मी कोण, हे तू विचारले नाहीस," देव म्हणाला.

"पाणपोईवर विचारत नाहीत."

देवाने नखे मिटली आणि मान खाली घातली. साखळीची कडी आपोआप निखळली. तो उठला, माळ ओलांडून चालू लागला, आणि त्याने मागे पाहिले नाही. जैतूनने मशक भरली.

रविवारी ती एका महालापाशी आली. महालाला शंभर झरोके, आणि नव्याण्णव झरोक्यांच्या जाळ्या गळून पडलेल्या. शंभराव्या झरोक्यात एकच जाळी शाबूत होती, चंदनी रंगाच्या दगडाची, ताऱ्यांच्या नक्षीची. तिच्यामागे कोणीतरी राही. कोण, ते कोणाला ठाऊक नव्हते, कारण डोकावून पाहणारा दगड होई. झरोक्याखाली ते सारे उभे होते. टाचा उंचावलेले, माना ताणलेले, एकाचा हात तर अजून डोळ्यांवर सावली धरून होता.

जैतूनने नजर पायांवर ठेवली आणि भिंतीला हात लावला.

"आत जे कोणी असाल त्यांना सलाम," ती म्हणाली. "मला ही जाळी हवी आहे. तीनशे जीव अडकले आहेत. बदल्यात मी स्वतः कोरून दुसरी आणीन."

तिने डोक्यावरची ओढणी काढली आणि चाचपडत झरोक्यावर ताणून बांधली. जाळी निघाल्यावर आतले माणूस उघडे पडू नये, हे तिला तिच्या बापाने पहिल्याच दिवशी शिकवले होते. मग ओढणीखालून हात घालून, बोटांनी सांधे शोधीत ती छिन्नी चालवू लागली. डोळे मिटलेले. जन्मभर तिने जाळ्या कोरल्या होत्या, आणि बोटांखाली येत होते तसे काम तिने कधी पाहिले नव्हते. एकदा डोळे उघडून ते पाहावे असे तिला फार वाटले.

तोच आतून हाक आली. "जैतून!"

आवाज इलियासचा होता. तोच खर्ज, तीच किंचित खरखर.

"जैतून, मी सुटलो. दार उघडले. वर बघ, मी इथे आहे."

तिच्या हातातून छिन्नी निसटली. पापण्या उघडू पाहत होत्या. आवाज रडू लागला. "मी इतक्या लांब आलो, आणि तू एकदा पाहतही नाहीस?"

जैतूनने दात आवळले. इलियास परक्याच्या झरोक्यातून हाक मारणारा माणूस नव्हता. शेजारच्या गच्चीवर कोणी असेल म्हणून मिनारावर चढताना तो खोकून चढे. तिने छिन्नी उचलली आणि शेवटचा सांधा मोकळा केला. जाळी तिच्या हातांत आली. ती पाठमोरी झाली, मग तिने डोळे उघडले.

मागून एका थकलेल्या स्त्रीचा आवाज आला. "बाई, तुझी ओढणी सुती आहे. वारा छान येतो." त्याच क्षणी झरोक्याखालच्या दगडी माणसांनी एकदम श्वास घेतला, आणि सगळ्यांनी लाजून माना खाली घातल्या.

सोमवारी सूर्य चांगला वर आला तेव्हा जैतून शहरात शिरली. फट एका बोटाची उरली होती. गल्ल्या इतक्या अरुंद झाल्या होत्या की तिला जाळी कडेने पुढे धरून चालावे लागले.

"इलियास!"

उत्तर उशिरा आले, आणि खोलातून आले. "आहे. उस्ताद शिबली काल गेले, जैतून. त्यांना हवा पुरली नाही."

उस्ताद शिबली म्हणजे मशिदीच्या कमानींवर कुराणातल्या आयती लिहिणारे वृद्ध सुलेखनकार. जैतूनला रडायला वेळ नव्हता. तिने मशकीचे तोंड फटीत खुपसले. आतल्यांनी ते पाणी हौदाच्या भांड्यांत धरले आणि शिळेच्या सांध्यांवर ओतले. चुना फुगला, भुसभुशीत झाला. मग तिने जाळी फटीच्या तोंडाशी बसवली. जाळीच्या मधल्या ताऱ्यातून दोरखंड आत सोडला. इलियासने तो, शिळा चढवताना तिला बसवलेल्या लोखंडी कड्यांना बांधला. किब्ल्याच्या भिंतीपासून पूर्वेच्या दारापर्यंत आणि तिथून रस्त्यापर्यंत दोर सरळ रेषेत ताणला गेला.

"ओढा!"

सुलतान दोराच्या टोकाशी सर्वांपुढे उभा राहिला. त्याच्यामागे सरदार, मग व्यापारी, मग बाकीचे. दोर तसूभर हलला नाही. सरदार पुढे आले, सुलतान मागे उभा राहून हुकूम देऊ लागला. तरीही नाही.

पाकोळी चिरकली, "पुढे कोणी नको! मागे कोणी नको!"

जैतून दोराच्या कडेने चालत गेली. "दोन्ही बाजूंना उभे राहा. नमाजाला राहता तसे. खांद्याला खांदा. जो जिथे येईल तिथे."

लोक मिसळले. भिश्ती, रंगारी, घोडेवाले, काजी. पण कातडी कमावणाऱ्या मन्सूरशेजारी एक जागा मोकळी राहिली. त्याच्या अंगाला वास येई. दोराला एक झोल पडला, आणि नेमका तिथेच पडला.

आतून, अगदी बारीक, इलियासचा आवाज आला. दुपारची वेळ भरत आली होती. तो गळा साफ करीत होता.

जैतून सुलतानापुढे उभी राहिली. "हुजूर, आत माणसे मरत आहेत. रांगेत एक जागा रिकामी आहे."

सुलतानाचा चेहरा राखेसारखा झाला. "मी तिथे उभा राहिलो, तर उद्या मला सुलतान कोण म्हणेल?"

"उद्या म्हणायला कोणी उरले, तर ते म्हणतील."

सुलतानाने जोडे काढले. तापलेल्या दगडांवरून तो अनवाणी चालत गेला आणि मन्सूरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मन्सूर अंग चोरू लागला. सुलतान म्हणाला, "सरकू नकोस. झोल पडतो."

आतून बांग उठली. कमान शेवटच्या बोटावर चालून आली आणि जाळीवर दाबली गेली. एक तारा तडकला, दुसरा तडकला. दोर कापला जाणार असे वाटले. जैतूनने आपला डावा तळवा जाळी आणि कमान यांच्या मध्ये पाचरीसारखा घातला आणि ती ओरडली, "आता!"

सारे शहर एका श्वासाने मागे झुकले. भिंतीतून दाढ उपटावी तसा आवाज आला. हिरवी शिळा बाहेर पडली, फरशीवर आपटली, आणि तिच्यातून जुन्या, कोंडलेल्या हवेचा एक सुस्कारा निघून गेला. मागे उरला तो साधा भुरा दगड.

कमानी उघडल्या. पूर्वेची, मग उत्तरेची, मग दक्षिणेची. अंगणावर आभाळ पसरले. घराघरांतले चौक मोकळे झाले, आणि जाळ्यांतून उजेडाचे कवडसे पुन्हा जमिनीवर पडले. जैतूनच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची गेली. इलियास बाहेर आला आणि आधी तिच्या हाताला त्याने आपले पागोटे फाडून बांधले. मग दोघेही तिथेच पायरीवर बसले.

दक्षिणेचे दार सुलतानाने स्वतः सर्वांना खुले केले. जैतूनला त्याने विचारले, "काय देऊ?"

ती म्हणाली, "आधी उस्तादांना निरोप देऊ."

उस्ताद शिबलींचा जनाजा अंगणात ठेवला गेला. तिन्ही दारांनी लोक येत राहिले. त्या दिवशीच शहरात उतरलेले, उस्तादांना कधी न पाहिलेले वाटसरूही सामान बाजूला ठेवून रांगेत उभे राहिले. सुलतान उशिरा आला. तो पुढे गेला नाही. शेवटच्या रांगेच्या टोकाला, दोन उंटवाल्यांशेजारी, त्याला जेमतेम एका माणसाची जागा मिळाली. त्याने पाय जुळवले, हात बांधले आणि मान लववली.

ऐकणाऱ्यांचे भले होवो, सांगणाऱ्याचा गळा शाबूत राहो. कथा येथे पुरी झाली.