तुळईतली तिमाही बैठक

खूप जुनी गोष्ट आहे. एका ओस पडलेल्या जकातनाक्याच्या छपराला आंब्याच्या लाकडाची एकच तुळई होती आणि तिच्यात वाळवीची वसाहत होती. दर तीन महिन्यांनी तुळईच्या मधोमध सगळ्यांची बैठक भरायची. कोणी किती लाकूड खाल्लं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी लाकडावर डोकी आपटून दाद द्यायची, अशी रीत होती. पुढे कोणी कुठे खायचं हा विषय शेवटी असायचा, आणि तिथवर कधी वेळच पुरायचा नाही.

त्या दिवशीही मुकादमबाई म्हणाल्या, "आधी झालेलं काम सांगा."

पूर्वेकडची कातरी ऐटीत उठली. "आम्ही थेट मध्यापर्यंत पोचलो!"

धडाधड डोकी आपटली.

"आम्हीसुद्धा मध्यापर्यंत," पश्चिमेकडची भुरकी म्हणाली आणि एकदम थबकली. "म्हणजे... आत्ता आपण बसलोय तिथपर्यंत?"

मुकादमबाईंनी पायाखाली चाचपलं. कागदाएवढं लाकूड उरलं होतं.

"अगं, हे एकमेकींना आधी सांगायचं नाही का?" त्या किंचाळल्या.

"सांगणारच होतो, बाई," कातरी पुटपुटली. "शेवटच्या विषयात."

"कोणी हलू नका!"

पण मागच्या रांगांनी भुरकीला दाद द्यायला डोकी उचलली होती.