पलीकडचं बोट

“चाचा, बायकोच्या आजारासाठी पाच डॉक्टर एका टेबलाला बसलेत. विश्वास ठेवायचा तो कुणावर, तुम्हीच सांगा.”

मिरजेचे दस्तगीरचाचा तंबोरे बनवतात. हळदीच्या धंद्यात पडण्याआधी दोन वर्षं मी त्यांच्याकडे तारा चढवायचो. पोटाचं भागलं नाही, कान मात्र तयार झाला.

चाचा तारेखालची घोडी घासत राहिले.

“सूनबाईंना काय झालंय म्हणतात?”

“गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर. पण पिशवीबाहेर गेलेला दिसत नाही. लवकर आलात, म्हणाले.”

“मग?”

“मग वाद! सर्जन म्हणतात, पिशवी काढू. तुकडा तपासणारे म्हणतात, मला पुन्हा बघू द्या. किरणांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, शेक लागेल की नाही ते ऑपरेशननंतर बघू. कॅन्सरच्या औषधांचे डॉक्टर मान हलवतात. भूल देणाऱ्या बाईंचे तर प्रश्नच संपत नाहीत. अहो, मी हळकुंड मोडतो, वास घेतो आणि पोत्याचा भाव सांगतो. एकट्यानं! यांना पाच जण लागतात?”

“वाद एकमेकांच्या तोंडावर घातला?”

“तोंडावर. माझ्यादेखत.”

“छान.”

“यात छान काय, चाचा?”

...

त्यांनी एक तंबोरा उभा धरला, त्याची पाठ माझ्याकडे करून. तार छेडली. आवाज बद्द.

“ओळख, शेठ. एकट्यानं.”

“घोडी बिघडलीय.”

“आत्ताच घासली.”

“मग तार जुनी.”

“काल चढवली.”

“भोपळा तडकलाय!”

चाचांनी तंबोरा फिरवला. पलीकडून त्यांचं बोट तारेला टेकलेलं होतं.

“ही लबाडी झाली!”

“झाली खरी.” चाचा हसले. “भूलवाल्या बाईंनी काय विचारलं?”

मी जमिनीवरचा लाकडाचा भुसा पायानं सारला.

“जिना चढताना दम लागतो का, म्हणून.”

“लागतो?”

“एका मजल्याला दोनदा बसते ती...”

“आणि तू काय सांगितलंस?”

“अजिबात नाही, म्हटलं. खरं सांगितलं आणि त्यांनी ऑपरेशन नाकारलं तर, चाचा?”

“सूनबाई काय म्हणाल्या?”

“माझ्याकडे बघितलं... आणि गप्प बसली.”

चाचांनी बोट उचललं. तीच तार पुन्हा छेडली. दुकानातले टांगलेले तंबोरेसुद्धा हलकेच बोलायला लागले.

आवाज पूर्ण विरेपर्यंत ते थांबले.

“उद्या जा. ती पाचही माणसं ऐकायलाच बसलीत. सूनबाईंच्या श्वासाचा हिशेब तेवढा खरा मांड, शेठ.”