आधी कोण बसणार?

पूर्वी अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या कुळात जन्मले होते. लहानपणी नदीचा काठ ढासळताना झालेला ‘धप्प’ असा आवाज त्यांनी ऐकला होता. तो ते कधी विसरले नाहीत. एके सकाळी तोच आवाज नदीतल्या बेटावरून आला, तेव्हा हातातला घास खाली ठेवून त्यांनी नाव पाण्यात लोटली.

बेटावर दोन पंथांचे आश्रम होते. आचार्य पिंगलांचा पंथ सांगे, ज्याने त्याने आपले हित पाहावे. आचार्य भद्रकांचा पंथ सांगे, स्वतःसाठी काही म्हणून घेऊ नये. वर्षानुवर्षे त्यांचा वाद चालला होता, आणि आता पुराचे पाणी दोघांच्याही उंबऱ्यात आले होते.

नाव लागताच पिंगलांचे शिष्य उड्या मारून एकाच बाजूच्या कोरड्या फळीवर बसले. नाव कलंडू लागली. वल्ह्यांना कोणी हात लावीना. भद्रकांचे शिष्य मात्र गुडघाभर पाण्यात उभे.

“आधी तुम्ही.”

“छे छे, आधी तुम्ही!”

बोधिसत्त्व पिंगलांना म्हणाले, “महाराज, जीव प्यारा आहे ना? मग तो माझ्या एकट्याच्या हातांवर का सोडता? पसरून बसा, वल्ही धरा.”

मग ते भद्रकांकडे वळले. “आणि आचार्य, देण्याचे सगळे सुख आपणच घेणार? आम्हा गरिबांच्या वाट्याला थोडे येऊ द्या की!”

भद्रक गोरेमोरे झाले, मग खदखदून हसले. हात पुढे करून म्हणाले, “ओढा हो पिंगल! आजचे पुण्य तुमचे.”

“पुण्य राहू द्या, पाय उचला!” म्हणत पिंगलांनी त्यांना आत घेतले.

सगळे बसले तेव्हा पाणी नावेच्या काठाला टेकले. आणखी एकाचे ओझे तिला पेलणार नव्हते. बोधिसत्त्व हसत पाण्यात उतरले आणि नावेचा दोर धरून पोहू लागले. ऐन धारेत दोर सुटला.

“नावाड्या! अरे नावाड्या!” सर्वांत मोठ्याने पिंगल ओरडले. त्यांनी तोल जाईल इतके वाकून आपले वल्हे पुढे केले. ते धरून बोधिसत्त्व तीराला लागले.

भद्रकांनी चिडवले, “स्वतः बुडता बुडता वाचलात. यात तुमचे हित कोणते हो?”

“तो गेला असता तर मला पुन्हा घास गोड लागला नसता,” पिंगल म्हणाले. “हितच ते माझे!”

वाळूवर पडल्या पडल्या बोधिसत्त्वांना हसू आवरेना.

कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाचे भद्रक म्हणजे इतरांची सेवा करता करता तीन दिवस उपाशी राहिलेला हा भिक्षू सोमिल. पिंगल म्हणजे पंगतीत पहिला बसणारा हा चंडक. नावाडी मी होतो. द्यावे आणि दिलेले घ्यावेही, दोन्ही मिळून करुणा होते.”

चंडकाने आपले भरलेले पात्र सोमिलापुढे ठेवले. सोमिलाने पहिला घास घेईपर्यंत तो थांबला, आणि मग चालू लागला.