प्लॅस्टिकमधली खुर्ची

वस्तूंना वाचा होती त्या काळची गोष्ट. बेलसऱ्यांच्या दिवाणखान्यात डेन्मार्कहून एक आरामखुर्ची आली. वर्ष उलटलं, तरी तिच्यावरचं प्लॅस्टिक कुणी काढलं नाही.

भिंतीलगतच्या जुन्या स्टुलाला तिची मिजास रोज ऐकावी लागे. "माणसाची पाठ नीट टेकावी म्हणून माझ्या रचनाकाराने सात वर्षं डोकं शिणवलं. तुला कुणी घडवलं रे?"

"गल्लीतल्या सुताराने. एका दुपारात," स्टूल म्हणालं. या बाईवर अजून कुणी टेकलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बेलसऱ्यांच्या पत्नी शोभनाताई पापड लाटून, कंबर धरत बाहेर आल्या आणि खुर्चीकडे वळल्या. बेलसरे ओरडले, "अगं, तिथे नको! पाहुण्यांसाठी आहे ती."

परवा पाहुणे आले होते. त्यांनाही बेलसऱ्यांनी सतरंजीवरच बसवलं होतं.

ताई स्टुलावर बसल्या.

"बघितलंस, मला किती जपतात!" खुर्ची फुशारली.

"बघितलं की," ताईंचा भार सावरत स्टूल म्हणालं. "ज्या पाठीसाठी त्या बिचाऱ्याने सात वर्षं घालवली, ती आत्ता भिंतीला टेकली आहे."