गिटारची उत्तरपूजा

“मग रंग नवा करून घेऊ, की आहे तशीच राहू दे?”

मी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी डाव्या कानाशी वाकून. हंजे मास्तरांचा उजवा कान केव्हाच गेलाय.

“ओरडू नकोस,” मास्तर म्हणाले. “ऐकू येतंय. उत्तर येत नाही, एवढंच.”

मास्तर खाटेवर, मी खाली सतरंजीवर, आणि मध्ये गिटार. खिडकीबाहेर माग खडखडत होते. इचलकरंजीत दुपारी माणसं झोपतात, माग झोपत नाहीत.

हंजे मास्तर एके काळी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. गणपतीच्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला सवड नसायची. मी त्यांची शिष्या. म्हणजे चौदाव्या वर्षी शिकायला आले आणि अजून जात नाही. आता चाळिशी उलटलीय, गुडघे बोलायला लागलेत, आणि मीच पोरांचे क्लास घेते. दिवसभर तेच तीन कॉर्ड. संध्याकाळी घरात कुकरची शिट्टी झाली तरी नको वाटतं.

मास्तरांना मागे झटका आला. बाकी सगळं सावरलं, पण डाव्या हाताची बोटं वळेनात. त्या दसऱ्याला त्यांनी ही गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

“तू वाजव,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी ठरवतेय.

गिटार एके काळी लाल होती. आता कुठे लाल, कुठे उघडं लाकूड, कुठे नुसतं काळं. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजलेत. आवाजाचं एक बटण मूळचं नाही, कुठल्या तरी रेडिओचं बसवलंय.

“गिटारवाल्यांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर,” मी म्हटलं. “तिथे विचारलं.”

“काय म्हणतात?”

“अर्धे म्हणतात, जुन्या रंगाला हात लावलात तर पाप लागेल. अर्धे म्हणतात, अशी ठेवलीत तर पाप लागेल.”

“म्हणजे पाप ठरलेलं आहे.”

“हो. त्या ग्रुपात मी एकटीच बाई. त्यामुळे समजावून सांगायला सगळे मोकळे.”

मास्तर हसले. हसणं पण अर्धंच झालंय त्यांचं, डावीकडचं ओठाशीच थांबतं.

“पुण्यात एक जण आहे,” मी म्हटलं. “फार नाव आहे त्याचं. तो म्हणतो, मूळचा लाल रंग आणून देतो. फ्रेट नवे. सगळं पहिल्यासारखं. पण घाई करायची नाही म्हणतो. सहा-आठ महिने लागतील.”

“सहा-आठ महिने...”

मास्तरांनी डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली. सोडली.

“बरं,” म्हणाले.

मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवून गिटारवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

आतून शकूकाकू ताक घेऊन आल्या. मास्तरांच्या हातात पेला दिला आणि मग, ते पितायत तोवर, माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर म्हणाले, हा कान पण दिवाळी बघायचा नाही. रोज विचारतात मला, ‘शलाका ती गिटार वाजवते काय गं?’ मी काय सांगू?”

“सांगा की, ठरवतेय म्हणून.”

“तेच सांगते. दोन वर्षं तेच सांगते.”

काकू पेला घेऊन आत गेल्या. मला एकदम फार दमल्यासारखं झालं. गिटार उचलून आणली होती म्हणून नव्हे. ती तर हलकी आहे.

“मास्तर,” मी म्हटलं, “मला हिचं काही बिघडवायचं नाही. हे बघा, इथे रंग गेलाय... तुमचं कोपर टेकायचं ना इथे? चाळीस वर्षांची साधना आहे ही. ही कशी घासून काढू मी?”

मास्तरांनी वाकून पाहिलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणून पुन्हा पाहिलं.

“हे होय? हे टेम्पोत घासलंय.”

“टेम्पोत?”

“जयसिंगपूरच्या रस्त्याला. काँगोचं स्टँड आडवं झालं. रात्रभर घासत होतं. आम्ही सगळे झोपलेलो.”

त्या डागाला मी बोट लावून नमस्कार करत आले होते. दोन वर्षं. अंघोळ करून.

“आणि हा जळका?” मी विचारलं. तरी विचारलंच.

“आमचा गायक. बिडी ठेवली आणि आरशात केस बघत बसला.”

“बरं... मग निदान हे बटण?”

“बटण काकूच्या रेडिओचं. त्यावरून महिनाभर बोलत नव्हती.”

आतून काकूंचा आवाज आला, “दोन महिने!”

मास्तर थोडा वेळ गिटारकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

“कशात ठेवतीस हिला?”

“दुलईत. वर माझा शालू.”

“लग्नातला?”

“तो नाहीतरी आता मला पुरत नाही.”

“आणि पूजा?”

इथे मी जरा ताठ बसले. याचं उत्तर माझ्याकडे होतं. “दर खंडेनवमीला करते, मास्तर. चुकवत नाही. पाटावर ठेवून, हळद-कुंकू, झेंडूची माळ. नैवेद्य पण.”

“चांगलं केलंस,” मास्तर म्हणाले. “आणि उत्तरपूजा?”

“...काय?”

“पूजा मांडलीस. उत्तरपूजा कधी केलीस?”

“गिटारची कसली उत्तरपूजा?”

“दसऱ्याला आम्ही पण वाद्यं पुजायचो की. पण कार्यक्रमाची सुपारी असली की संध्याकाळी ती उचलायला लागायची. हलवल्याशिवाय कशी उचलणार? तुझा देव दोन वर्षं पाटावर बसलाय. त्याची पण पाठ अवघडली असेल.”

मला हसू आलं आणि मध्येच गेलं.

“शकू, अक्षता आण गं,” मास्तरांनी हाक मारली.

काकू बाहेर आल्या. कशाला, म्हणून विचारलं नाही. देवघरातून चिमूटभर अक्षता आणून त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवल्या.

मास्तर खाटेच्या कडेला सरकले. काहीतरी पुटपुटले. त्यांना मंत्र येत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग अक्षता गिटारवर टाकल्या. काही रेडिओच्या बटणाशी अडकल्या, काही तारांतून खाली घरंगळल्या.

आणि मास्तरांनी गिटारच्या मानेला दोन बोटं लावून तिला सरकवलं. विसर्जनाच्या आधी गणपतीला हलवतात ना, तसं. एवढंसंच.

सतरंजीवर लाकूड घासल्याचा आवाज झाला.

काकूंनी सवयीनं हात जोडले होते, ते सोडून पदराला पुसले.

मी गिटारकडे बघत होते. रंग उडालेली, बिडीनं जळलेली, एक बटण चुकीचं असलेली गिटार. सतरंजीवर पडलेली. मला भयंकर मोकळं वाटलं आणि तितकंच रडू यायला लागलं. या वयात हे दोन्ही एकदम होतं, डॉक्टरना विचारलंय मी.

“उचल,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, ॲम्प्लिफायर आणला नाही मी.”

“का?”

का, याचं उत्तर सोपं होतं. मी वाजवायला आलेच नव्हते. दाखवायला आले होते.

“त्याशिवाय हिचा आवाज डासाएवढा,” मी म्हटलं. “त्यात बाहेर माग. तुम्हाला काही ऐकू येणार नाही.”

“ये इकडं. खाटेवर बस.”

मी त्यांच्या डावीकडे बसले, गिटार मांडीवर घेतली. तारा गंजल्या होत्या. कशाबशा सुरात आणल्या. तोवर मास्तर वाकले आणि गिटारचं जे एक शिंग वर येतं ना, मानेपाशी, त्याला त्यांनी डाव्या कानामागचं हाड टेकवलं.

“टेम्पोत असंच कान टेकून सुरात लावायचो हिला,” ते म्हणाले. “एंजिन चालू असायचं, पोरं बोंबलत असायची. लाकडातून सगळं येतं.”

त्यांचं डोकं माझ्या हातापासून वीतभर. पांढरे, विरळ केस, खोबरेल तेलाचा वास. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“काय वाजवू?”

“मला काय विचारतीस? मी बहिरा माणूस.”

मी वाजवायला लागले.

काय वाजवलं ते धड सांगता येणार नाही. सुरुवातीला क्लासमधलेच तीन कॉर्ड आले, दुसरं काही हाताला सुचेना. मग त्यातून कुठेतरी बाजूला निघाले. बोटं दुखायला लागली, गंज लागून काळी झाली. मला स्वतःला फार थोडं ऐकू येत होतं, मागांच्या खडखडीत तेही बुडत होतं. पण मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं धोतरावर हळूहळू हलत होती. माझ्याआधी नाही, माझ्यामागेही नाही. बरोबर.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तरी उभ्या होत्या.

मग वरच्या एका झिजलेल्या फ्रेटवर तार करकरली. मी पुन्हा दाबून पाहिली. पुन्हा करकर.

मी थांबले.

“मास्तर... करकरतंय. रंगाचं जाऊ दे. एवढे फ्रेट तरी करून आणते. मग नीट वाजवते.”

मास्तरांनी डोकं उचललं नाही. डोळेही उघडले नाहीत.

“तेवढी मी वाजवून बिघडवली,” ते म्हणाले. “आता तू बिघडव.”